बयजाचा शिंपला

फार वर्षांपूर्वी, उंबरोड्याला अजून सडक नव्हती, माणसांच्या आणि म्हशींच्या पायांनी मळलेली वाट तेवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी, मधल्या सांदीत गाव. गावात पाटील होता. पाटलाच्या हाताखाली चौगुला होता. कुंभार होता, न्हावी होता, वेशीवर मरीआई होती. आणि म्हातारे होते. म्हातारे पुष्कळ होते. पिंपळाच्या पारावर बसून कुणी काय पेरायचं, कुणी कुणाशी बोलायचं, कुणाला कसं जगवायचं हे ते ठरवायचे, आणि ठरवलेलं चुकलं की देवीच्या नावावर टाकून तंबाखू मळायचे.

त्या गावात बयजा नावाची एक कुंभारीण होती. असं म्हणतात, तिच्या हातची शिंपलाभर पेज पोटात गेली की निघालेला जीव वेशीवरून मागे फिरायचा. असं म्हणतात, तिची ओवी ऐकली की पोटातली कळ लेकरासारखी झोपी जायची. आज गावातला जो तो तिचं नाव छाती फुगवून सांगतो. पण ही गोष्ट जेवढी बयजाची, तेवढीच लिंबाजी चौगुल्याची आहे, आणि त्याचा भाग आला की सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना नेमका खोकला येतो. म्हणून ती सगळी ऐका.

चौगुल्याच्या घराला एक मान होता. पटकी आली, म्हणजे जुलाब-उलट्यांनी माणसं पटापट मरायला लागली, की गाव बांधायचं. मरीआईचा लाकडी गाडा वाजतगाजत शिवेबाहेर ढकलायचा, पुढचं पुढच्या गावानं बघावं. मग अंबाडीचा जाड दोर झाडाझाडाला वेढे देत गावाभोवती फिरवायचा आणि वेशीवरच्या उंबराला त्याची शेवटची गाठ मारायची. ती गाठ चौगुल्यानं मारायची आणि चौगुल्यानंच सोडायची. गाठ सुटेपर्यंत आतलं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. लिंबाजीच्या आज्यानं ती मारली होती, बापानं मारली होती. लिंबाजी पोरवयात दोरीचा तुकडा दिसला की ती गाठ मारून बघायचा. म्हशीच्या शेपटीलासुद्धा त्यानं ती मारून ठेवली होती, आणि त्यापायी मारही खाल्ला होता.

लिंबाजीचा जिवाभावाचा सोबती म्हणजे बयजाचा एकुलता एक भिवा. दोघांना एकदमच मिसरूड फुटली. बयजाचा नवरा आधीच गेलेला. ती आणि भिवा मिळून चाक चालवायची, भट्टी लावायची. लिंबाजी आपल्या घरी कमी आणि त्या भट्टीजवळ जास्त असायचा. बयजाला तो काकी म्हणायचा.

एका वर्षी पटकी आली आणि भिवा पडला.

पटकीत माणसाच्या अंगातलं सगळं पाणी वाहून जातं. डोळे खोल जातात, गालफडं बसतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि तहान अशी लागते की अख्खी नदी पुरणार नाही. आणि पारावरच्यांचा नियम काय होता? तर पाणी तोडायचं. पोटात गेलेलं पाणीच बाहेर पडतंय, मग द्यायचंच नाही. फुटक्या घागरीत पाणी भरू नये, एवढी त्यांची अक्कल. आबा पाटील स्वतः बयजाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "घोट दिलास तर पोरगं तू मारलंस."

बयजा घाबरली. कोण घाबरणार नाही? तिनं तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवला, भिवाचा हात पोचू नये इतका वर. लिंबाजी उंबऱ्यात बसून होता. भिवानं आधी ओरडून पाणी मागितलं, मग कुजबुजून, मग नुसते ओठ हलवून. बयजा त्याच्या उशाशी बसून वारा घालत राहिली आणि फळीकडे बघायचं टाळत राहिली. भिवा गेला तेव्हा तो तांब्या काठोकाठ भरलेला होता.

म्हातारे म्हणाले, देवीची इच्छा.

असं म्हणतात, बयजा तो भरला तांब्या घेऊन नदीवर गेली आणि तिनं तो पाण्यात ओतला, तेव्हा नदी क्षणभर उलटी वाहिली. त्या वळणावर वाळूतून एक शिंपला वर आला, दुधासारखा पांढरा. उंबरोड्याच्या नदीत शिंपले काळेच असतात, पांढरा त्याआधी कुणी पाहिला नव्हता. दुसरे म्हणतात, नदीतून वगैरे काही आलं नाही. भिवा तान्हा असताना तिनं ज्या शिंपल्यानं त्याला दूध पाजलं, तोच तिनं कोनाड्यातून काढला. ज्याला जे पटेल ते त्यानं धरावं. त्या दिवसापासून तो शिंपला बयजाच्या कनवटीला असायचा आणि पारावरचा शब्द तिच्या लेखी उडालेल्या फोलकटाएवढा झाला.

पुढं कुणाचंही पोट बिघडलं की बयजा बोलावल्याशिवाय त्या घरात शिरायची. हगवण असो, उलट्या असोत, आव पडत असो. आधी चुलीवर पाणी खळखळा उकळायला लावायची. मग तांदळाची पातळ पेज, आणि त्यावरची निवळ. त्यात मीठ किती घालायचं? डोळ्यांतलं पाणी जेवढं खारट, तेवढंच. कुणाला अंदाज येईना तर म्हणायची, "रडून बघ आधी, मग चव घे." माणसाचं डोकं मांडीवर घ्यायची, मान एका कुशीला वळवायची, म्हणजे उलटी झाली तर ती छातीत जाणार नाही. आणि शिंपल्यानं निवळ पाजायची. एक शिंपला पाजला की एक ओवी म्हणायची. ओवी संपली की दुसरा शिंपला. तहानलेला माणूस तांब्याला झोंबायचा, पण ती तांब्या देत नसे. एकदम प्यायलं की सगळं उलटून पडतं. ओवीओवीनं दिलं की पोट विसरून जातं आणि पाणी आत राहतं. तिची ओवी एकच होती:

सरलं दळण बाई, जातं थोडं फिरू दे,
माझ्या भिवाच्या ओठाला, थेंब एक उरू दे.

चांगले बापई गडी शिंपला बघून लाजायचे, म्हणायचे, मी काय तान्हं पोर आहे का? बयजा म्हणायची, तान्ह्यापेक्षा वाईट आहेस, तान्हं निदान बडबडत नाही. हाताच्या पाठीवरचं कातडं ती चिमटीत धरून सोडायची. कातडं तसंच उभं राहिलं तर तिचा चेहरा कठीण व्हायचा आणि ओव्या जवळजवळ यायच्या. मग केव्हातरी रोग्याला लघवी झाली की ती अंगणात येऊन अशी आनंदानं सांगायची की जणू त्या घरी पाळणा हलला आहे.

आणि घाण? घाण ती उपसायची. राख टाकून झाकायची, गावाच्या पाणवठ्यापासून लांब खड्ड्यात पुरायची. भरलेली लुगडी-धोतरं पाणवठ्याच्या खूप खाली नेऊन, आधी उकळून, मग धुवायची. सोललेल्या जागी खोबरेल लावायची. घरची माणसं तोवर ओसरीवर नाकाला पदर लावून उभी असायची. आणि बयजा निघून गेली की हीच माणसं तिनं ओलांडलेला उंबरा गोमूत्रानं धुवून काढायची. लग्नाच्या पंगतीत तिचं पान गोठ्याकडच्या बाजूला. तिच्या चाकावरचं मडकं चालायचं. तिच्या हातचं पाणी चालायचं फक्त मरणाच्या दारात. बरं झालेलं माणूस तिला रस्त्यात बघून बाजूनं जायचं. असं म्हणतात, तिला याचं वाईट वाटत नसे. हे म्हणणारे कोण? तर बाजूनं जाणाऱ्यांचीच नातवंडं.

लिंबाजी बाजूनं जात नसे, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं. तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, बाप गेला आणि चौगुलकी त्याच्याकडे आली. अंगानं रेडा, एका हातानं गाडीचं चाक उचलणारा. एकदा जत्रेतलं शिळं मटण खाऊन तो असा आडवा झाला की उठून बसवेना. दिवस मावळायच्या आत त्याचे डोळे कवटीत गेले. पारावरून निरोप आला, पाणी तोडा. त्याची बायको पारू फळीवर तांब्या ठेवणार, इतक्यात बयजा आत आली आणि तिनं तिच्या हातातून तांब्या घेतला.

लिंबाजीला त्या दुखण्यातलं पुढं थोडंच आठवायचं. आपलं डोकं कुणाच्या तरी मांडीवर आहे. ओठाला काहीतरी गुळगुळीत, गार लागतंय. मग ओवी. मग पुन्हा ते गुळगुळीत. त्याला वाटायचं, आपण एका दोराला धरून विहिरीतून वर येतोय, आणि ओवी हा त्या दोराचा एकेक पीळ आहे. आणि वर कोण उभं आहे, तर भिवा, ओले केस घेऊन. तो शुद्धीवर आला तेव्हा बयजा त्याच्या पोटऱ्या चोळत होती आणि तिच्या मांडीला त्याच्या वजनानं मुंग्या आल्या होत्या.

गावात हशा झाला. चौगुल्याला बाळुती घातली, चौगुल्याला शिंपल्यानं पाजलं. लिंबाजी स्वतःही हसला. चालायला लागल्यावर तो बयजाच्या भट्टीवर गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकी, काय देऊ तुला?"

बयजा चाकावरून हात न काढता म्हणाली, "मला काय करायचंय? पन माझ्यावर पाळी आली, तर शिंपला धरायला ये. मला कोन हाय?"

"चौगुल्याचा शबुद," लिंबाजी म्हणाला.

"चौगुल्याचा नको," बयजा म्हणाली. "भिवाच्या दोस्ताचा दे."

लिंबाजीनं तो दिला.

बरीच वर्षं गेली. बयजाचे केस पिकले, आबा पाटलाचे दात पडले, लिंबाजीला उशिरा का होईना एक मुलगी झाली, तिचं नाव त्यानं चंद्रभागा ठेवलं आणि तिला खांद्यावरून खाली उतरवेना. मग एका भर उन्हाळ्यात घाटाखालून बातमी आली की मोठी पटकी येते आहे. उंबरोड्यात अजून कुणाला काही नव्हतं. पण म्हाताऱ्यांनी मरीआईचा गाडा काढला, त्याला हिरव्या बांगड्या बांधल्या, आणि तो खिंडीपर्यंत नेऊन पलीकडच्या धनगरवाड्याच्या उतारावर सोडून दिला.

थोड्याच दिवसांत त्या धनगरवाड्यातून एक माणूस धावत आला. वाड्यातली माणसं पडत होती. त्याला गावात शिरू दिलं नाही. तो शिवेवर उभा राहून बयजाच्या नावानं हाका मारत राहिला. बयजा निघाली तशी पारावरचे सगळे उठून उभे राहिले. आबा पाटलानं तिला बजावलं की तिकडे गेलीस तर रोग घेऊन येशील, आज गाव बांधायचं आहे.

"पाटील, गाडा तिकडं कुनी ढकलला?" बयजानं विचारलं. "आता त्या घरात कोन जायाचं? तुमी जाता?"

पाटील गेला नाही. बयजा निघाली. वेशीवर लिंबाजी दोराचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला तिला थांबवावंसं वाटलं आणि थांबवायची लाजही वाटली. तो म्हणाला, "जा काकी. गाठ मारली तरी सोडनारा मीच हाय."

ती खिंड चढून दिसेनाशी झाली. मग त्यानं गाठ मारली, आज्यासारखी, बापासारखी.

असं म्हणतात, धनगरवाड्यात बयजा एकाच वेळी सगळ्या झोपड्यांत दिसत होती. एका झोपडीत शिंपला, त्याच क्षणी दुसरीत ओवी. तिथलं सगळंच माणूस काही वाचलं नाही, पण जे वाचलं ते तिनं वाचवलं. आणि शेवटच्या झोपडीतलं माणूस उठून बसलं, तेव्हा बयजाला घरी जायची ओढ लागली, कारण तिच्या स्वतःच्या पोटात कळ आली होती. धनगरांनी तिला थांबवून पाहिलं. पण ती म्हणाली, माझा मानूस तिकडं हाय, त्यानं शबुद दिलाय. उभं राहवेल असा एक गडी तिच्यासोबत निघाला, पण खिंडीत तोच बसला. पुढं ती एकटीच आली, झाडं धरत धरत.

सकाळी उन्हं वर आली, तेव्हा ती वेशीच्या उंबराशी पोचली आणि खोडाला पाठ लावून बसली. दोर त्याच खोडाला होता. गाठ तिच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर. अलीकडे गाठीची राखण करणारा लिंबाजी, पलीकडे बयजा, मध्ये एक खोड. वाकला असता तर तिच्या खांद्याला हात लागला असता, इतकं ते अंतर.

"आलास," ती म्हणाली. जणू तोच कुठून तरी आला होता.

तिचे डोळे खोल गेलेले त्याला दिसले. त्यानं गाठीकडे हात नेला. पण सगळा पार तोवर वेशीवर जमा झाला होता. म्हातारे लांब उभे राहिले होते, पण जीभ लांबूनही पोचते. गाठ सुटली तर देवी आत येईल, बांधलेलं गाव मध्येच सोडलं तर एक घर उरत नाही, हे अमक्याच्या काळात झालं, तमक्याच्या काळात झालं. आबा पाटील पुढं आला आणि त्यानं एकच वाक्य म्हटलं.

"सोड, चौगुल्या. गाठ तुझीच हाय. पन त्याआधी त्या पोरीकडं बघ."

लिंबाजीनं मागं बघितलं. पारू चंद्रभागेला कडेवर घेऊन उभी होती. पोरगी बापाला बघून हसत होती.

त्याचा हात खाली आला.

आता माणुसकी नको का, असंही म्हातारे म्हणाले. ते काही राक्षस नव्हते, राक्षस असते तर गोष्ट सोपी झाली असती. पाटलाच्या वाड्यावर चूल पेटली. नव्या तांदळाची पेज शिजवली, त्यात तूप घातलं, जिरं घातलं, उत्तम दाट पेज. हंडीभरून. हंडी बयजाच्याच चाकावरची. ती लांब बांबूच्या टोकाला अडकवून दोरापलीकडे सरकवली आणि तिच्या शेजारी अलगद टेकवली. मग सगळ्यांनी समाधानानं हात झटकले. आपण आपलं केलं. आता तिनं प्यावी.

बयजानं कनवटीचा शिंपला काढला. तो हंडीपर्यंत नेला. शिंपला बोटांतून निसटून धुळीत पडला. तिनं तो उचलला, पुन्हा नेला, पुन्हा पडला.

"लिंबाजी, पेज लई हाय रे," ती म्हणाली. "हात न्हाई उचलत."

गावानं हंडीभर पेज पाठवली, पण पाजायला एक हात पाठवला नाही. उंबरोड्याचा सगळा इतिहास या एका ओळीत मावतो, बाकी सगळी सजावट आहे.

लिंबाजी खोडाला गाल लावून बसला. काय करावं ते कळेना, तेव्हा त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. तो तिची ओवी म्हणू लागला. सरलं दळण बाई, जातं थोडं फिरू दे. त्याचा आवाज घोगरा, सूर कुठल्या कुठे. ओवी संपली. पलीकडून बयजा म्हणाली,

"ओवी झाली. आता शिंपला."

त्यानं पुन्हा ओवी म्हटली. ती संपली.

"ओवी झाली रे."

त्यानं पुन्हा म्हटली. ऊन डोक्यावर आलं, सावली खोडाखाली गोळा झाली. म्हातारे एकेक करून जेवायला घरी गेले. आता खरं तर बघणारं कुणी नव्हतं. हे लिंबाजीला पुढं जन्मभर टोचलं, की त्या वेळी बघणारं कुणी नव्हतं, आणि तरी तो बसून राहिला. गाठीवरची त्याची नजर हलेना आणि हातही हलेना. तो ओवी म्हणत राहिला. दर ओवीनंतर तो थांबायचा, आणि पलीकडून ते दोन शब्द यायचे, आधी स्पष्ट, मग कुजबुजते, मग नुसते ओठ हलल्यासारखे.

मग एका ओवीनंतर काहीच आलं नाही. हंडी काठोकाठ भरलेली होती.

आणि गावाचं काय झालं? गाव बांधलेलं होतं, पक्कं बांधलेलं. पण खिंडीपलीकडून डोंगराला वळसा घालून नदी येत होती, धनगरवाड्याच्या अंगणातून येत होती, दोराखालून सरळ पाणवठ्यावर येत होती. नदीला कुणी गाठ मारली नव्हती. त्याच रात्री उंबरोड्याच्या घराघरात पटकी शिरली, आणि पहिल्या पडलेल्यांत चंद्रभागा होती.

पारूनं हाक मारली तेव्हा लिंबाजी उठला. त्यानं गाठ सोडली नाही. कोयता घेतला आणि दोर तोडला. अडवायला पारावर कुणी उरलं नव्हतं, सगळे आपापल्या घरात आडवे होते. तो पलीकडे गेला. बयजाच्या मुठीत शिंपला होता. असं म्हणतात, ती मूठ लोखंडासारखी आवळलेली असेल असं त्याला वाटलं होतं. आपल्याला ती शिंपला देणार नाही, असं वाटलं होतं. त्यानं बोट लावलं आणि मूठ आपोआप उघडली. आवळलेली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्यानं पाणी उकळलं, निवळ काढली. मीठ किती घालायचं त्याचा अंदाज त्याला वेगळा घ्यावा लागला नाही. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. एक शिंपला, एक ओवी. पोरगी उठून बसली. मग शेजारच्या घरात, मग त्याच्या शेजारच्या. धनगरवाड्यात बरे झालेले खिंड उतरून आले, तेही घराघरात बसले. त्यांच्या शिवेवर गाडा ढकलला होता म्हणून ते थांबले नाहीत. असं म्हणतात, त्या दिवसांत गावात सगळीकडून एकच ओवी ऐकू येत होती आणि त्या सगळ्या आवाजांत एक आवाज असा होता की तो कुणाचाच नव्हता.

आबा पाटीलही पडला होता. त्याच्या घरचे ओसरीवर उभे राहिले, नाकाला पदर लावून. लिंबाजी आत गेला, त्यानं म्हाताऱ्याचं बरबटलेलं धोतर सोडलं, त्याला धुतलं, पुसलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारा तांब्याकडे बघून पाणी, पाणी करत होता. ज्यानं सगळ्यांचं पाणी तोडलं, तो. लिंबाजीच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. फळी तिथंही होती. पण त्यानं शिंपला उचलला. पाटील वाचला आणि पुढं बरीच वर्षं जगला. चांगल्या हाताला माणूस निवडून वाचवता येत नाही.

बरा झाल्यावर आबा पाटलानं वेशीवर बयजाच्या नावाचा दगड बसवला, शेंदूर फासला, आणि पारावर बसून सांगायला लागला की मरीआई स्वतः आली, बयजाला पालखीत घालून घेऊन गेली, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. ऐकणाऱ्यांनी हात जोडले. पालखी सगळ्यांच्याच सोयीची होती. लिंबाजी तेव्हा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "पालखी न्हवती. हंडी व्हती, भरल्याली." आणि उठून गेला. पुढं दर वेळी पालखी आली की तो एवढंच म्हणायचा. लोक म्हणायचे, चौगुल्याचं डोकं फिरलं.

असं म्हणतात, त्या दिवसानंतर लिंबाजीच्या बोटांना गाठ मारता येईना. कुठलीच नाही. म्हशीचं दावं पारू बांधायची. धोतराची गाठ मुलगी मारायची. चंद्रभागेच्या लग्नात वधूवरांच्या उपरण्याची गाठ बापानं मारावी म्हणून त्याच्या हातात टोकं दिली, तर ती त्याच्या बोटांतून पाण्यासारखी निसटली.

आणि असं म्हणतात, उंबराच्या मुळाशी जिथं ती हंडी टेकवली होती, तिथं पुढच्या उन्हाळ्यात झरा फुटला. वैशाखात नदीची डबकी होतात, पण तो आटत नाही. त्याचं पाणी किंचित खारट आहे. फार नाही. डोळ्यांतल्या पाण्याएवढं.

लिंबाजी थकला तेव्हा त्यानं चंद्रभागेला जवळ बोलावून शिंपला दिला आणि आपला मान तिच्या हवाली केला. पण दोर बांधायचा नाही, म्हणाला. नुसता धरायचा.

आजही उंबरोड्यात हगवणीचं घर बंद करत नाहीत. प्रत्येक चुलीच्या वर खुंटीला एक शिंपला टांगलेला असतो. सून घरात आली की सासू तिला दागिन्यांच्या आधी तो देते. दवाखाना आता वाटेवर आहे, सलाईन आहे, पुड्या आहेत, रोग्याला तिकडे नेतातच. पण नेताना वाटेत डोकं कुणाच्या तरी मांडीवर असतं आणि शिंपला चालू असतो. रोग्याच्या घरी कुणी नुसता डबा पाठवत नाही. डबा नेणारा तिथं बसून, भरवून येतो. नुसता डबा पाठवणाऱ्याला गावात अजून म्हणतात, हंडी सरकवली.

आणि दर उन्हाळ्यात, गाव एक दिवस वेशीवर जमतं. चौगुल्याच्या घरची लेक अंबाडीच्या दोराची दोन टोकं दोन हातांत धरून उंबराखाली उभी राहते. ती टोकं एकमेकांना लावत नाही. मधल्या फटीतून सगळं गाव बाहेर जातं, धनगरवाडा आत येतो. पेजेची मोठी हंडी असते. त्या दिवशी कुणी आपल्या हातानं पीत नाही, ज्याला त्याला दुसऱ्यानं पाजायचं. म्हातारे सगळ्यांच्या आधी तोंड उघडून बसतात. त्यांना थांबवतात. पहिला शिंपला त्यांचा नसतो.

पहिला शिंपला उंबराच्या मुळाशी ओततात. मग एक ओवी म्हणतात. ओवी संपली की दुसरा शिंपला ओततात. मग पुन्हा ओवी, पुन्हा शिंपला, हंडी अर्धी होईपर्यंत. घाई कुणी करत नाही. घाई करायची वेळ होती, ती केव्हाच गेली.